हितगुज : ऐंशी हजारांची अपेक्षा

दिवाळीनंतर आलेल्या टपालात इंदूरच्या एका भगिनीचे चार पानी पत्र होते. त्यांचा मुलगा उच्च शिक्षणासाठी अमेरिकेत गेला होता आणि २०२१ साली तो ओक्लाहोमा राज्यातील नॉर्मन या गावी, तेथील विद्यापीठात शिकत होता. दिवाळीस तो घरी आला असता एके रात्री जेवणे आटोपल्यावर त्याने आईला एक हकीकत सांगितली. विद्यापीठाच्या फुटबॉल सामन्यास तो मित्रांबरोबर गेला होता. आपल्याच संघातील, जवळजवळ आपल्याच वयाच्या एका खेळाडूचा खेळ प्रेक्षकांच्या मनासारखा होईना, तेव्हा विद्यार्थ्यांनी दुसऱ्याच एका खेळाडूच्या नावाचा गजर सुरू केला. हाही त्यात सामील झाला. "ओरडताना फार मजा वाटली, आई," तो म्हणाला, "पण त्या रात्री झोप लागेना." झोप का लागेना, तेही त्याने सांगितले; ते मी ओघाने पुढे सांगेनच. "अशा मुलाला आईने काय सांगावे?" असा त्या भगिनींचा प्रश्न आहे.

उत्तर देण्यापूर्वी ती हकीकत नीट समजून घेणे अवश्य आहे. सुदैवाने तो सामना, ते मैदान आणि तो खेळाडू ही सर्व सार्वजनिक नोंदीतील असल्यामुळे ती समजून घेणे कठीण नाही.

अमेरिकेत ज्यास फुटबॉल म्हणतात तो आपल्या कोलकात्यात किंवा गोव्यात खेळला जाणारा फुटबॉल नव्हे. तेथील चेंडू लांबट असून तो मुख्यतः हातांनी खेळला जातो. मैदान १०० यार्डांचे, आणि प्रत्येक बाजूस ११ खेळाडू. चेंडू ज्या संघाकडे असेल त्याला चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकावे लागते. ते साधले तर आणखी चार प्रयत्न मिळतात, न साधले तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. असे करत करत चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेला की त्यास टचडाउन म्हणतात आणि त्याचे सहा गुण मिळतात. या सर्व खटाटोपात जवळजवळ प्रत्येक प्रयत्नाच्या आरंभी चेंडू एकाच खेळाडूच्या हाती येतो. त्याला क्वार्टरबॅक म्हणतात. चेंडू धावणाऱ्या गड्याच्या हाती द्यावा, दूरच्या साथीदाराकडे फेकावा, की स्वतःच घेऊन पळावे, हे त्याने दोन-तीन सेकंदांत ठरवायचे; आणि तेही धिप्पाड प्रतिस्पर्धी अंगावर चालून येत असताना.

अनुवाद हा माझा रोजचा व्यवसाय. त्यामुळे या शब्दापाशी मी बराच वेळ थबकलो. 'सेनापती' म्हणावे, तर सेनापती मागे उभा राहून हुकूम सोडतो. हा तर स्वतःच लढाईच्या तोंडावर असतो. 'सूत्रधार' म्हणावे, तर नाटकातला सूत्रधार नांदीनंतर विंगेत निघून जातो. याची मात्र पडदा पडेपर्यंत सुटका नाही. अखेर मूळ शब्दच ठेवला. संघ जिंकला तर पहिला हार याच्या गळ्यात आणि हरला तर पहिला दगडही याच्याच माथी, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

आता नॉर्मन गावाविषयी. ओक्लाहोमा हे राज्य १९०७ साली अस्तित्वात आले. १९३० नंतरच्या दशकात तेथे अवर्षण आणि धुळीची वादळे यांनी शेती उद्ध्वस्त केली आणि हजारो कुटुंबे पोटासाठी कॅलिफोर्नियाकडे निघाली. जॉन स्टाइनबेक यांनी १९३९ साली आपल्या कादंबरीत अशाच एका कुटुंबाची कथा सांगितली आणि ओक्लाहोमाचे दैन्य जगभर माहीत झाले. ही मानहानी त्या लोकांच्या जिव्हारी लागली होती. दुसरे महायुद्ध संपल्यावर विद्यापीठाच्या चालकांनी विचार केला की राज्याला पुन्हा मान वर करता येईल असे काही हवे, आणि त्यासाठी त्यांनी फुटबॉलची निवड केली. बड विल्किन्सन या प्रशिक्षकाच्या हाताखाली त्या संघाने १९५३ ते १९५७ या काळात लागोपाठ ४७ सामने जिंकले. तेव्हाचे विद्यापीठाध्यक्ष जॉर्ज क्रॉस हे विधिमंडळापुढे अनुदान मागावयास गेले असता, आपल्या फुटबॉल संघाला ज्याचा अभिमान वाटेल असे विद्यापीठ उभारण्याची आपली इच्छा आहे, असे म्हणाल्याचे प्रसिद्ध आहे. हा विनोद होता, पण विनोदाच्या पोटात किती सत्य असते हे सुज्ञ वाचकांस सांगावयास नको.

सांगण्याचा मुद्दा असा की, नॉर्मनच्या मैदानात जी ऐंशी हजारांवर माणसे शनिवारी जमतात ती निव्वळ करमणुकीसाठी जमत नाहीत. आजोबांनी सांगितलेल्या विजयकथा आणि बापाने जपून ठेवलेली तिकिटे घेऊन ती आलेली असतात. अशा ठिकाणी अपेक्षा वडिलोपार्जित मालमत्तेसारखी पिढ्यान्पिढ्या उतरत येते, आणि तिचा बोजा मात्र त्या वर्षी जो क्वार्टरबॅक असेल त्याने वाहायचा असतो.

२०२१ साली तो बोजा स्पेन्सर रॅटलर या तरुणाच्या खांद्यावर होता. ॲरिझोना राज्यातील फिनिक्स येथे जन्मलेला हा मुलगा शाळेत असतानाच देशातील अग्रगण्य शालेय क्वार्टरबॅकपैकी एक म्हणून गाजू लागला होता. शाळेतील शेवटच्या वर्षी चित्रीकरण करणारी मंडळी त्याच्या मागे फिरली आणि त्यावर तयार झालेली मालिका २०१९ साली नेटफ्लिक्सवर झळकली. आपल्याकडे त्या वयाची मुले बारावीच्या परीक्षेची चिंता करत असतात. हा मुलगा तेव्हाच घरोघरी पडद्यावर दिसत होता. ओक्लाहोमात त्याच्या आधी त्याच जागी कोण खेळले होते, तेही पाहा. महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वोच्च मान म्हणजे हाइझमन करंडक. तो २०१७ साली बेकर मेफील्डने आणि २०१८ साली कायलर मरेने मिळविला. २०१९ साली जेलन हर्ट्स त्याच करंडकासाठी दुसरा आला. तिघेही ओक्लाहोमाचेच. ज्या घरात थोरले तिघे असे निघाले तेथे धाकट्याने नुसते चांगले असून भागत नाही.

२०२० च्या हंगामात रॅटलरने ही परंपरा राखली. आरंभी दोन पराभव झाले आणि टेक्सासविरुद्धच्या सामन्यात तर त्याला काही वेळ बाहेर बसावे लागले. परंतु तो परतला, चार जादा डावांनंतर तो सामना जिंकून दिला आणि तेथून संघाने लागोपाठ आठ विजय मिळविले. वर्षअखेरीस कॉटन बोल सामन्यात फ्लोरिडाला ५५ विरुद्ध २० असे नमविले. साहजिकच २०२१ च्या आरंभी ओक्लाहोमाचा संघ देशात दुसऱ्या क्रमांकाचा गणला गेला आणि हाइझमन करंडकासाठी रॅटलरचेच नाव अनेकांच्या तोंडी होते. त्यातच एक नवी गोष्ट घडली. तोपर्यंत महाविद्यालयीन खेळाडूंना आपल्या नावावर जाहिरातींतून पैसे मिळविण्यास मनाई होती; १ जुलै २०२१ पासून ती उठली. रॅटलर हा त्याचा लाभ मिळालेल्या पहिल्या खेळाडूंपैकी एक. पैसा आला तो त्याच्या हक्काचाच होता. पण त्याबरोबर प्रेक्षकांच्या मनातील एक पडदाही गळून पडला. विद्यार्थी म्हणून ज्याला सांभाळून घेतले असते त्याच्याकडे आता मोबदला घेणारा म्हणून पाहिले जाऊ लागले.

हंगाम सुरू झाला. संघ जिंकत होता, पण दिमाखात जिंकत नव्हता. टुलेनसारख्या तुलनेने लहान विद्यापीठाला हरविताना ४० विरुद्ध ३५ अशी दमछाक झाली. नेब्रास्कावरचा विजय २३ विरुद्ध १६ असा. आणि मग २५ सप्टेंबरचा तो शनिवार उजाडला. पाहुणा संघ वेस्ट व्हर्जिनियाचा. गुण काही केल्या होईनात. रॅटलरची एक फेक प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेली, आणि मैदानातून गजर उठला, "आम्हाला केलेब हवा!" केलेब विल्यम्स हा राखीव बाकावर बसलेला, नुकताच विद्यापीठात दाखल झालेला, एकोणीस वर्षांचा मुलगा.

वाचकहो, येथे जरा थांबा. हा गजर झाला तेव्हा ओक्लाहोमाचा संघ मागील आणि चालू हंगाम मिळून लागोपाठ अकरा सामने जिंकलेला होता. ज्याच्याविरुद्ध गजर चालला होता त्याचा एकविसावा वाढदिवस तीन दिवसांवर आला होता. आणि त्याच सामन्याच्या अखेरच्या मिनिटांत त्याच मुलाने संघाला पुढे नेले, शेवटच्या क्षणी चेंडू खांबांमधून मारला गेला आणि ओक्लाहोमाने १६ विरुद्ध १३ असा विजय मिळविला. पुढच्या आठवड्यात कॅन्ससमध्ये त्याने २५ पैकी २२ फेकी अचूक केल्या. तोही सामना जिंकला.

मग त्याचा खेळ खालावला होता, हे खोटे काय? नाही, तेही खोटे नाही. येथे आकडे काय सांगतात ते पाहण्यासारखे आहे. २०२० साली त्याच्या १०० फेकींपैकी सुमारे ६७ साथीदाराच्या हाती पडल्या होत्या. २०२१ साली सुमारे ७५ पडल्या. म्हणजे अचूकता वाढली! परंतु पहिल्या वर्षी एका फेकीमागे सरासरी साडेनऊ यार्डांची मजल होती, ती आता आठ यार्डांच्या आत आली. प्रतिपक्षांनी त्याचा आदला हंगाम अभ्यासला होता. ते आपले गडी मागे खोलवर ठेवीत आणि लांबच्या फेकीची वाट अडवीत. त्यामुळे जवळचा, सुरक्षित साथीदार शोधण्याखेरीज गत्यंतर नसे. शिवाय क्वार्टरबॅकपुढे जी संरक्षक फळी असते तिच्यातील मध्यवर्ती गडी क्रीड हम्फ्री हा व्यावसायिक संघात निघून गेला होता आणि फळी अजून जमून यावयाची होती. ज्या मुलाला समोर फळी हलताना दिसते आणि मागे लोकांची कुजबुज ऐकू येते तो जपून खेळू लागतो. चुका टाळण्याच्या नादात त्याची झेप कमी होते. सज्जात बसलेल्या माणसाला फळी दिसत नाही, मागे हटलेले प्रतिस्पर्धी दिसत नाहीत. त्याला एकच माणूस दिसतो, कारण चेंडू त्याच्या हाती असतो.

९ ऑक्टोबर रोजी डॅलस येथे टेक्सासविरुद्ध वार्षिक सामना झाला. रॅटलरच्या हातून चुका झाल्या, संघ ७ विरुद्ध २८ असा मागे पडला, आणि प्रशिक्षक लिंकन रायली यांनी केलेब विल्यम्सला मैदानात आणले. त्या मुलाने एकदा ६६ यार्ड धावत जाऊन टचडाउन केला आणि बघता बघता सामना फिरविला; ओक्लाहोमा ५५ विरुद्ध ४८ ने जिंकला. त्या दिवसापुरता प्रशिक्षकांचा निर्णय योग्य ठरला, हे निःसंशय. परंतु त्याच सामन्यातील एक लहान गोष्ट मला मोठी वाटते. शेवटच्या टप्प्यात दोन जादा गुणांच्या एका प्रयत्नासाठी रॅटलरला पुन्हा आत बोलाविण्यात आले. ज्याची जागा भर सामन्यात काढून घेतली होती तो मुलगा आला, त्याने अचूक फेक केली, दोन्ही संघांचे गुण सारखे झाले, आणि तो पुन्हा बाजूला जाऊन उभा राहिला. त्याने क्वार्टरबॅक म्हणून आरंभ केलेल्या १७ सामन्यांपैकी १५ संघाने जिंकले होते. तेथील त्याची कारकीर्द मात्र बहुतांशी त्या दुपारीच संपली.

पुढे काय झाले, तेही थोडक्यात सांगतो. रॅटलर साउथ कॅरोलायना विद्यापीठात गेला. तेथेही प्रारंभ अडखळतच झाला. १२ नोव्हेंबर २०२२ रोजी फ्लोरिडाने त्याच्या संघाला ३८ विरुद्ध ६ असे धुऊन काढले. मात्र तेथील प्रशिक्षक शेन बीमर यांनी त्याला बाजूला केले नाही. एकाच आठवड्याने, देशात पाचव्या क्रमांकावर असलेल्या टेनेसीविरुद्ध त्याने ४३८ यार्डांच्या फेकी करून सहा टचडाउन मिळवून दिले आणि संघ ६३ विरुद्ध ३८ ने विजयी झाला. त्यानंतरच्या शनिवारी क्लेमसनला त्यांच्याच घरी ३१ विरुद्ध ३० ने हरविले. घरच्या मैदानावर लागोपाठ ४० सामने जिंकलेल्या क्लेमसनची मालिका तेथे खंडित झाली.

आणि ज्याच्या नावाचा गजर झाला तो केलेब? तो प्रशिक्षक रायली यांच्यामागोमाग कॅलिफोर्नियात गेला, २०२२ चा हाइझमन करंडक त्याने मिळविला, आणि अपेक्षेचा बोजा त्याच्या खांद्यावर आला. ४ नोव्हेंबर २०२३ रोजी वॉशिंग्टनकडून पराभव झाल्यावर तो प्रेक्षकांतील आपल्या आईपाशी गेला आणि तिच्या कुशीत तोंड लपवून रडला. ते दृश्य लाखो लोकांनी पाहिले, आणि त्यातील पुष्कळांनी त्याची टिंगल केली. एप्रिल २०२४ मध्ये व्यावसायिक संघांनी नवे खेळाडू निवडले तेव्हा केलेब पहिला निवडला गेला आणि रॅटलर एकशे पन्नासावा. त्या वर्षी रॅटलरने आरंभ केलेले सहाही सामने त्याचा नवा संघ हरला. म्हणजे शेवट गोड झाला, असे सांगून मी आपली फसवणूक करणार नाही. माणसाचा आलेख परीकथेसारखा सरळ वर जात नाही. तो चढतो, उतरतो, पुन्हा चढतो.

ही सारी परदेशातील गोष्ट, आपला तिच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणू नये. २००७ साली विश्वचषकात आपला संघ बांगलादेशाकडून हरला तेव्हा रांचीत महेंद्रसिंह धोनीच्या बांधकाम चालू असलेल्या घरावर जमाव चालून गेला होता. २०११ साली त्याच धोनीच्या षटकाराने विश्वचषक आपल्या हाती आला. ज्या हातांनी दगड उचलले, त्यांपैकी काहींनी तरी त्या रात्री फटाके उडविले असतील.

शब्दांशी रोज झटापट करणाऱ्या माणसाला एक गोष्ट नेहमी नवलाची वाटते. अपेक्षा, उपेक्षा, परीक्षा आणि प्रतीक्षा हे चारही शब्द 'ईक्ष्' म्हणजे पाहणे या एकाच धातूपासून झाले आहेत. अपेक्षा म्हणजे कशाकडे तरी डोळे लावून पाहणे. परीक्षा म्हणजे सर्व बाजूंनी पाहणे. प्रतीक्षा म्हणजे वाट पाहणे. आणि उपेक्षा म्हणजे समोर असूनही न पाहणे. नॉर्मनच्या मैदानात अपेक्षेला तोटा नव्हता. परीक्षा मात्र एकाच बाजूने झाली आणि प्रतीक्षेला तर कोणाला सवडच नव्हती. ज्या अपेक्षेला प्रतीक्षेची जोड नसते ती उपेक्षेकडे झुकते, आणि पाहणाऱ्याला आपण पाहणे केव्हा सोडले हे कळतही नाही.

आता त्या भगिनींच्या पत्राकडे वळतो. मुलाला झोप का लागली नाही? तो म्हणाला, "आई, दर परीक्षेनंतर बाबा शेजारच्या मुलाचे नाव घ्यायचे आणि मला म्हणायचे, त्याच्याकडे बघ जरा. त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर मला वाटले, मैदानात मी बाबांच्याच आवाजात ओरडलो." त्याचे बाबा तेथेच सुपारी कातरत बसले होते. ते काही बोलले नाहीत, अडकित्ता मात्र थांबला, असे त्या लिहितात.

भगिनी, आपल्या मुलाला काही सांगण्याची आवश्यकता आहे असे मला वाटत नाही. जे सांगावयाचे ते त्याने स्वतःच स्वतःला सांगितले आहे. मला सांगावेसे वाटते ते तुम्हा-आम्हा वडीलधाऱ्यांना, आणि त्यात दोन घरांतील निकालपत्रिका शेजारी शेजारी ठेवून पाहणारा मीही आलो. खेळाडू बदलणे हा प्रशिक्षकाचा अधिकार आहे. चूक दाखविणे हे वडिलांचे कर्तव्य आहे. अपेक्षा ठेवूच नये असेही मी म्हणणार नाही. ज्याच्याकडून कोणाचीच अपेक्षा नाही असे मूल तर फारच एकाकी. परंतु चूक सांगताना त्या मुलाचे स्वतःचे नाव घ्यावे, दुसऱ्याचे घेऊ नये. "हे गणित कोठे अडले?" हा प्रश्न त्याला जवळ बोलावतो, "शेजारच्याला बघ" हे वाक्य त्याला घरातल्या घरात राखीव बाकावर बसविते. आणि गुण घसरले तर आधी त्याच्यासमोरची फळी पाहावी: शाळा बदलली आहे काय, डोळ्यांना कमी दिसते काय, घरात आजारपण आहे काय, चूक होईल या भीतीने तो जपून तर खेळत नाही ना?

त्या भगिनींना माझी एकच विनंती आहे. मुलगा सुट्टी संपवून परत जाईल तेव्हा त्याला निरोप द्यावयास त्याच्या बाबांना एकट्यालाच स्थानकावर पाठवावे. गाडीला थोडा उशीर झाला तर उत्तमच. अडकित्ता का थांबला, ते त्या दोघांना फलाटावर कदाचित एकमेकांना सांगता येईल.